वाचलं खरं, पण कामाला कधी लावायचं?

पुस्तकातलं रोजच्या कामात कसं आणायचं, यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. त्यांतली बरीचशी एकाच जागी अडलेली दिसली: पुस्तक पटलं, आठ दिवस जोर टिकला, मग ये रे माझ्या मागल्या. म्हणून पुस्तक चांगलं की वाईट, या वादात न शिरता पटल्यानंतरच्या दिवसांबद्दलच लिहितो आहोत.

प्रश्न: जळगाव एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये मी सुपरवायझर आहे. नेतृत्वावरची चार-पाच पुस्तकं वाचून रोज सकाळी बैठक सुरू केली. सगळ्यांना बोलतं करायचं, असं त्यांत होतं. आता हमाल म्हणतात, 'साहेब, भाषण लवकर आटपा.' चुरीही, म्हणजे डाळ तुटून होणारा चुराही, कमी झालेली नाही. चुकतं कुठं?

उत्तर: आधी हे सांगा, की तुमच्या हमालांना मजुरी कशी मिळते? या प्रकारची बहुतेक पुस्तकं महिन्याच्या पगारावरची माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. पगारी माणसाची वीस मिनिटं कंपनीच्या खिशातून जातात. पोत्यामागे मजुरी घेणाऱ्याची वीस मिनिटं त्याच्याच खिशातून जातात. म्हणजे तुम्ही त्यांचं ऐकून घ्यायला बोलावता आणि त्याचे पैसेही त्यांच्याकडूनच वसूल करता. मग 'आटपा' म्हणणारच. मालकांशी बोलून तेवढा वेळ हजेरीत धरा. ते जमत नसेल तर पहिली गाडी लागायच्या आधीची रिकामी मिनिटं पकडा.

बैठक सात मिनिटांची, उभ्यानं, साल काढणाऱ्या रोलजवळ. खुर्च्या मांडल्या की भाषण सुरू होतं. प्रश्न तीनच: काल काय अडलं, आज काय अडेल, कुणाला काय हवंय. सुपरवायझरनं सगळ्यांच्या शेवटी बोलायचं. पहिले दोन-तीन दिवस कुणी तोंड उघडणार नाही, त्यानं बिचकू नका. 'काही सूचना?' असं मोघम विचारलं की माणूस खाली बघतो. 'कालच्या लॉटमध्ये खडा किती निघाला?' असं विचारलं तर चाळणीवाला लगेच सांगतो, कारण ते त्याला ठाऊक असतं. आणि सकाळी जे मागितलं जाईल त्यातली एक तरी गोष्ट संध्याकाळच्या आत झालीच पाहिजे, मग ती चाळणीवरचा गेलेला दिवा बदलण्याइतकी छोटी का असेना. आठवडाभर मागून काहीच मिळालं नाही तर लोक गप्प होतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

आता चुरी. ती बैठकीनं कमी होत नाही, तिला दुसरा धडा लागतो. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी रुळवलेली पद्धत तुम्ही वाचली असेल: पाच वेळा 'का' विचारायचं. तुरीवर ती अशी चालेल. चुरी का वाढली? माल रोलवरून जास्त वेळा काढावा लागला. का? पहिल्या फेरीत साल सुटली नाही. का? तेल-पाणी देऊन मुरवलेला माल पुरता वाळला नव्हता. का? दोन दिवस आभाळ होतं, तरी नेहमीच्याच दिवशी माल आत घेतला. का? माल कधी उचलायचा हे आपण दिवस मोजून ठरवतो, ओलावा मोजून नाही. इथे हाताशी काम लागलं: ओलावामापक घ्यायचा, आकडा रजिस्टरला लिहायचा, आणि कितीच्या वर असेल तर माल उचलायचा नाही ते ठरवून टाकायचं.

ही साखळी बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच पायरीवर तुटते, कारण 'का'चं 'कुणी' होतं. 'रोलवाल्यानं लक्ष दिलं नाही' असं एकदा नोंदवलं गेलं की त्यानंतर कुणी खरं बोलत नाही. नियम करा, की माणसाचं नाव हे उत्तर धरायचं नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी काय चुकलं असतं, ते विचारायचं. पाच हा आकडाही काही देवानं दिलेला नाही, कधी तीनमध्ये भागतं. शिवाय कागदावर जुळलेली साखळी खरी असेलच असं नाही. रोलवरचा एमरीचा खरखरीत थर झिजला असला तरी फेऱ्या वाढतात आणि माल फाजील वाळला तरी दाणा फुटतो. म्हणून एकाच खरेदीचे दोन लॉट करा, एक ओलावा मोजून उचला, दुसरा जुन्या पद्धतीनं. दर 100 किलो तुरीमागे डाळ किती, चुरी किती, कोंडा किती, हे तीन आकडे फळ्यावर लिहा. फळा ऑफिसात नको, रोलजवळ हवा.

चार-पाच पुस्तकं एकदम अमलात आणायला निघालात, हीसुद्धा चूकच. सहा आठवडे एकच धडा चालवा.

प्रश्न: 21 दिवस सलग केलं की सवय लागते, असं वाचून वर्गात रोज अवांतर वाचन सुरू केलं. 21 दिवस नीट चाललं. मग सुट्ट्या आल्या आणि सगळं थांबलं. (शिक्षक, शहादा तालुका)

उत्तर: 21चा आकडा एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960च्या पुस्तकातून पसरला. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना 'किमान' 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे किमान गळलं आणि 21 उरले. लंडनमधल्या संशोधकांनी 96 जणांवर 12 आठवडे नोंदी ठेवल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं निघालं. कुणाला 18 पुरले, तर कुणाला हिशेबानं 254 लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आढळलं. तेव्हा सुट्टीनंतर पुन्हा सुरू करा, शून्यापासून मोजू नका.

वाचन आधीपासून ठरलेल्या एखाद्या गोष्टीला बांधा. खिचडी खाऊन हात धुतले की दहा मिनिटं पुस्तक, असं. पुस्तकं कपाटातून काढून उघड्या टोपलीत ठेवा. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला, या एका कारणानं किती उपक्रम बुडाले असतील देव जाणे.

प्रश्न: स्पर्धा परीक्षेसोबत व्यक्तिमत्त्व विकासाचीही पुस्तकं वाचतो. तीन रंगांनी अधोरेखित करतो, पण दुसऱ्या दिवशी काही सांगता येत नाही. घरचे म्हणतात, 'इतलं वाचीसन काय व्हस?' (विद्यार्थी, धुळे)

उत्तर: घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. अधोरेखन करताना हात चालतो, डोकं बसून असतं. पुन्हा पुन्हा वाचल्यानं मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीचा झाला म्हणजे आला, असं वाटतं. 2006 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारेच पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. पाच मिनिटांनंतरच्या हुशारीवरच आपण फसतो.

दहा पानं वाचा, पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल शाईनं भरा. ती लाल शाईच तुमचा खरा अभ्यास. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी पान न उघडता तेच पुन्हा लिहा. परीक्षेच्या पुस्तकाला एवढं पुरे. व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकाला आणखी एक ओळ लागते: हे मी कुठे आणि केव्हा वापरणार? 'शांतपणे ऐकेन' ही ओळ कुचकामी आहे. 'संध्याकाळी अभ्यासगटात मित्र बोलत असताना मध्येच तोंड घालावंसं वाटलं, की आधी त्याचं वाक्य वहीत लिहीन' ही चालेल, कारण तिच्यात वेळ, जागा आणि कृती तिन्ही आहेत.

आणि वेग कमी करा. तुमच्याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 1932 मध्ये गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक अध्याय. अठरा अध्यायांना अठरा रविवार. आपण आठवड्याला एक अख्खं पुस्तक उडवतो आणि वर त्याचा फोटो टाकतो.

प्रश्न: आमचा बचतगट ज्वारीचे बिबडे (पापडासारखं वाळवण) करतो. 'काम वाटून द्या, सगळं स्वतः करू नका' हे वाचून थापणं-वाळवणं चौघींना वाटून दिलं. चाळीस किलोतला नऊ किलो माल जाड आणि ओलसर निघाला, रात्री बसून मलाच निस्तरावा लागला. यापेक्षा एकटीनं केलेलं बरं नाही का? (बचतगट अध्यक्षा, पारोळा)

उत्तर: ताई, तुम्ही काम दिलंत, पण चांगलं काम म्हणजे कसं ते दिलं नाहीत. 'पातळ थापा' याचा अर्थ चार घरांत चार असतो. मापाला एकाच डब्याचं झाकण चौघींना द्या. तुम्हाला पसंत असलेले, पुरते वाळलेले दहा बिबडे वजन काट्यावर ठेवा आणि तो आकडा भिंतीवर लिहा. घेर सारखा असेल तर जाडी आणि ओल दोन्ही वजनात दिसतात. मग दहाचं वजन आकड्याच्या वर गेलं की वाद घालायची गरजच राहत नाही. शेजारी एक चांगला आणि एक बिघडलेला बिबडा पिशवीत घालून टांगा. वाळलेला बिबडा मोडताना कडक आवाज आला पाहिजे. वाकला तर तो अजून उन्हाचा आहे, आणि तसाच पॅक केला तर बुरशी ठरलेली.

दुसरी चूक तपासणीच्या वेळेची. माल संपल्यावर नऊ किलो परत येतो. पहिले वीस बिबडे झाल्यावर पाहिलं तर वीसच परत येतात. पहिला आठवडा रोज पहिले वीस तपासा, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, तेही न सांगता. तिसरं, बिघडलेला माल स्वतः दुरुस्त करू नका, जिचा तिला परत द्या. ताई रात्री बसून सगळं करतात हे कळलं की कुणी शिकत नाही. आणि अधिकार मोजून द्या. आभाळ आलं तर थापणं थांबवायचं की नाही हे तिनंच ठरवावं. प्लास्टिकचा कागद आणायला दोनशे रुपयांपर्यंत विचारायची गरज नाही, त्यावर फोन करावा.

कामाची यादी लावणार असाल तर छोटी लावा. जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेसाठी केलेल्या यादीत अवघे 19 मुद्दे आहेत. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं, असा अहवाल 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशन थिएटरला 19 पुरतात, तर बिबड्यांना सहा पुष्कळ झाले.

प्रश्न: उद्योगपतींची चरित्रं वाचतो. सगळ्यांनी मोठी उडी घेतली म्हणून मोठे झाले. मीही चालतं हार्डवेअरचं दुकान गहाण टाकून कारखाना काढावा म्हणतो. आमच्या अमळनेरचंच उदाहरण डोळ्यांसमोर आहे. (व्यापारी, अमळनेर)

उत्तर: उदाहरण तुमच्याच गावचं आहे, तर पूर्ण घ्या. विप्रोची सुरुवात 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्यानं झाली. 1966 मध्ये वडील गेले तेव्हा अझीम प्रेमजी 21 वर्षांचे होते आणि चालता कारखाना त्यांच्या हाती आला. संगणकाकडे कंपनी वळली ती आयबीएम भारतातून गेल्यावर, 1978 नंतर, जेव्हा बाजारात जागा रिकामी झाली होती. तोवर तेला-तुपाचा धंदा तीस वर्षं चालू होता, आणि नवं आलं म्हणून तो मोडीतही काढला नव्हता. यात दूरदृष्टी आहे, कष्ट आहेत. दुकान गहाण टाकून मारलेली उडी मात्र कुठे दिसत नाही.

चरित्र वाचताना वहीत तीन रकाने पाडा. पहिल्यात त्या माणसानं स्वतः काय केलं. दुसऱ्यात त्याला काळानं आणि घरानं काय दिलं: भांडवल, परवाना, हटलेला स्पर्धक. तिसऱ्यात यातलं तुमच्याकडे आज काय आहे. दुसरा रकाना भरलेला आणि तिसरा कोरा असेल तर पहिल्याची नक्कल करून उपयोग नाही.

आणखी एक. जे बुडाले त्यांची चरित्रं कुणी छापत नाही. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते पाहून तिथेच पत्रा जाड करावा, असं सुचत होतं. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञानं उलट सांगितलं: परतलेल्या विमानांवर जिथे भोकं कमी आहेत तिथे पत्रा लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. खान्देशात बंद पडलेल्या जिनिंग आणि तेलगिरण्या तुम्हाला ठाऊक असतील. त्यांच्यापैकी दोन-तीन मालकांना भेटा, चहा प्या, पैसा नेमका कुठे अडकला ते विचारा. कारखाना काढायचाच असेल तर बुडाली तरी दुकान आणि घर शाबूत राहील एवढी रक्कम आधी कागदावर लिहा, आणि ती आकडेवारी घरच्यांना दाखवा.

प्रश्न: माझे मिस्टर व्यवस्थापनाची पुस्तकं वाचून दर रविवारी घरात 'रिव्ह्यू मीटिंग' घेतात. मुलीच्या दप्तरावर 'टार्गेट' चिकटवलंय. स्वतः पाण्याचा तांब्याही भरत नाहीत. (गृहिणी, चाळीसगाव)

उत्तर: हा रोग नवा नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात अख्खा दहावा समास पढतमूर्खाच्या लक्षणांना दिला आहे. तो त्यांना वाचून दाखवू नका, भांडण होईल. त्याऐवजी त्यांच्याच पुस्तकातला ऐकण्याचा धडा मागा: मीटिंग होऊ द्या, पण पहिली दहा मिनिटं तुम्ही आणि मुलगी बोलाल. उत्तर देण्याआधी त्यांनी तुमचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि तुम्ही 'हो, हेच म्हणायचं होतं' म्हटलं तरच पुढे जायचं. आणि दर मीटिंगला प्रत्येकानं घरातलं एक काम आठवडाभरासाठी उचलायचं. पहिलं नाव त्यांचं लिहा.

प्रश्न: एका नैसर्गिक शेतीच्या पुस्तकात वाचलं, की नांगरणी नको, खुरपणी नको, खत नको. यंदा मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावायची, पाचही एकर केळी तशी करू का? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर: पाच एकर नको भाऊ. पुस्तकातला विचार ज्या रानात उगवला ते रान आधी पाहायचं. ही पद्धत जपानच्या शिकोकू बेटावर भात आणि जव या पिकांवर घडली. पाऊस तिथे वर्षभर पडतो. आपल्याकडे चार महिन्यांत जेवढा पडेल तेवढा, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे. त्यात केळी ही पालाश (पोटॅश) भरपूर उचलणारी, भुकेली. शिवाय 'खुरपणी नको' हा भाग आपल्या केळीला थेट घातक आहे. काकडी मोझॅक विषाणू, ज्याला सगळे सीएमव्ही म्हणतात, तो मावा ही कीड पसरवते, आणि बागेतल्या कित्येक तणांवर तो विषाणू मुक्काम करतो. म्हणजे तण राखणं हे रोगाला घर बांधून देणं झालं.

त्या पुस्तकातून आपल्याकडे उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे जमीन उघडी न ठेवणं. तेवढीच घ्या आणि तपासा. दीड बाय दीड मीटरवर एकरी सुमारे 1,800 झाडं बसतात. त्यातल्या सलग सहा ओळी, ओळीत तीस झाडं, म्हणजे 180 झाडांना वाळलेल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन करा, बुंध्यापासून वीतभर जागा सोडून. शेजारच्या सहा ओळी नेहमीसारख्या ठेवा. दोन्हीकडे रोपं एकाच खेपेची, ठिबक तेच, खत तेच, खुरपणी तीच. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. करप्याची, म्हणजे सिगाटोका पडलेली पानं आच्छादनात घालू नका, बुरशी त्यांवरच टिकते. जमलं तर बागेच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या पोताच्या जमिनीत, असाच आणखी एक जोड तुकडा धरा.

मोजताना कडेची एकेक ओळ सोडा, कारण तिला शेजारच्या तुकड्याचा किंवा वाऱ्याचा हिस्सा मिळतो. मधल्या चारच ओळी धरा. चार नोंदी पुरतील: निसवणीची, म्हणजे घड बाहेर पडल्याची, तारीख, फण्या, घडाचं वजन, आणि पाणी-मजुरीचा खर्च. पडलेलं आणि उपटलेलं झाडही मोजणीत धरा, नाहीतर दोन डौलदार घड फोटोत येतात आणि सरासरी लपते. घड कापल्या दिवशीच तोला, आणि दोन्ही तुकड्यांत दांडा सारखाच लांब ठेवा.